विज्ञानपटांना गुण द्यायचे ते नेमके कशाचे?

ध्रुवतारा

आम्ही काही विज्ञानपटप्रेमी मंडळी एकत्र चित्रपट पाहतो आणि प्रत्येक चित्रपटानंतर त्याला दहापैकी गुण देतो. पूर्वी ज्याने त्याने मनाला येईल तो आकडा सांगावा असा शिरस्ता होता. पुढे चर्चेला काही शिस्त यावी म्हणून मी एक तक्ता केला. त्यात विज्ञानाच्या अचूकतेला चार गुण आहेत, कथा आणि पटकथा यांना तीन, दृश्यरूपाला दोन आणि अभिनय व संगीत यांना मिळून एक. शिस्त आली खरी, पण या तक्त्यातून निघणारे निकाल आमच्यापैकी कोणालाच पटत नाहीत.

उदाहरणादाखल सांगतो. रिडली स्कॉट यांचा ‘द मार्शियन’ (२०१५) आमच्या यादीत तार्कोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’च्या (१९७२) बराच वर आहे. ‘द मार्शियन’ मला मनापासून आवडतो. मंगळावर एकटा मागे राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बटाट्यांची लागवड करतो, हायड्रॅझिन या रॉकेटच्या इंधनापासून पाणी मिळवतो, धुळीत पडलेले जुने पाथफाइंडर यान उकरून काढून पृथ्वीशी संपर्क साधतो. यातली प्रत्येक अडचण विज्ञानाच्या आधाराने सुटत जाते आणि ते पाहताना फार समाधान वाटते. तरीही ‘सोलारिस’ पाहून आठवडे लोटले, तरी त्यातली पात्रे डोक्यातून जात नाहीत. आमच्या तक्त्यात मात्र त्या चित्रपटाला विज्ञानाच्या रकान्यात काय द्यायचे हेच ठरत नाही. एखाद्या ग्रहावरचा महासागर विचार करतो आणि तिथे आलेल्या माणसांच्या मनातली जुनी दुःखे देहरूपाने त्यांच्यापुढे उभी करतो, ही कल्पना अचूक की चूक, हे कशाशी ताडून पाहायचे?

दुसरी अडचण ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) आणि ‘इंटरस्टेलर’ (२०१४) यांची आहे. दोन्ही चित्रपटांत विज्ञानाच्या दृष्टीने अप्रतिम भाग आहेत आणि दोन्हींत ढोबळ सवलतीही घेतलेल्या आहेत. आम्ही गुण वजा करत गेलो आणि शेवटी दोघांचा आकडा सारखाच आला. पण या दोन चित्रपटांतल्या चुका एकाच जातीच्या नाहीत असे मला सारखे वाटत राहते. तिसरी गोष्ट जुन्या चित्रपटांची. १९२७ किंवा १९६८ सालच्या चित्रपटाच्या दृश्यरूपाला आजच्या संगणकीय चित्रणाच्या शेजारी ठेवून गुण द्यायचे, की त्या काळाच्या साधनांच्या हिशेबाने द्यायचे?

माझा प्रश्न असा की विज्ञानाच्या अचूकतेला वेगळे गुण असावेत का, आणि असावेत तर ते कसे मोजावेत? ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कक्षा

आपण ‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘इंटरस्टेलर’ यांच्या चुका एका जातीच्या नाहीत असे म्हटले आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

‘ग्रॅव्हिटी’मध्ये अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकापर्यंत पाठीवरच्या प्रणोदकांच्या, म्हणजे वायूचा झोत सोडून ढकलणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने तरंगत जातात. चित्रपट आला तेव्हा हबल दुर्बीण सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरत होती आणि अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून, पण खरी अडचण उंचीतल्या या फरकाची नाही. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साधारण २८.५ अंशांनी कललेली आहे आणि स्थानकाची ५१.६ अंशांनी. कक्षेचे प्रतल, म्हणजे ती ज्या सपाटीत आहे ती सपाटी, इतके बदलायला सेकंदाला किलोमीटरच्या हिशेबात वेग बदलावा लागतो, आणि पाठीवर मावणाऱ्या इंधनात ते कदापि होणार नाही. ही सवलत दिग्दर्शकाने कथेसाठी घेतली आहे, आणि मी तिच्याबद्दल एकही गुण कापणार नाही. या दोन वस्तू एकमेकींच्या दृष्टिपथात आहेत हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच मांडलेले गृहीतक आहे. प्रेक्षकाने ते एकदा स्वीकारले की त्यापुढचा खेळ सुरू होतो.

मी गुण कापीन ते त्यापुढच्या एका प्रसंगासाठी. स्थानकाच्या दोऱ्यांत स्टोन या नायिकेचा पाय अडकलेला आहे, तिच्या हातातल्या पट्ट्याला सहकारी कोवाल्स्की लटकलेला आहे, आणि तो पट्टा सोडून देतो, कारण सोडला नाही तर दोघेही वाहून जातील. हे दृश्य पाहताना काळजात चर्र होते. पण दोरी ताणली जाऊन दोघांचा वेग एकदा थांबला, की त्याला दूर ओढणारे कोणतेच बल तिथे उरत नाही. तिने पट्ट्याला हलका हिसका दिला असता तरी तो तिच्याकडे आला असता. म्हणजे कथेतला सर्वांत मोठा त्याग एका अस्तित्वात नसलेल्या बलामुळे घडतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणारा क्षण ज्या कारणावर उभा आहे ते कारणच खोटे असेल, तर तो दोष केवळ विज्ञानाच्या रकान्यात मांडून भागत नाही, तो पटकथेचाही दोष ठरतो.

याच चित्रपटातली आवाजाची योजना मात्र कोणीही अभ्यासावी अशी आहे. निर्वात पोकळीत स्फोट होतात, धातूचे तुकडे होतात, आणि त्याचा काहीही आवाज येत नाही. जे ऐकू येते ते नायिकेच्या हातमोज्यांतून आणि पोशाखातून पोहोचलेले कंपन असते, दबलेले आणि बोथट. तिने एखाद्या वस्तूला हात लावला की आवाज येतो, हात सुटला की तो नाहीसा होतो. इथे विज्ञानाचा नियम पाळल्यामुळे कला अधिक धारदार झाली आहे. आपल्या तक्त्यात अशा गोष्टीला भरभरून गुण मिळायला हवेत, आणि ते ‘अचूकतेचे’ म्हणून न देता ‘नियमातून काय निर्माण केले’ याचे म्हणून द्यावेत.

आता ‘इंटरस्टेलर’. त्यातले कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून चितारले गेले आणि त्या कामावर २०१५ साली ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या शोधपत्रिकेत निबंधही प्रसिद्ध झाला. पण पडद्यावरच्या चित्रात एक गोष्ट मुद्दाम गाळलेली आहे. कृष्णविवराभोवतीची तप्त वायूची तबकडी प्रचंड वेगाने फिरत असते, त्यामुळे तिची आपल्याकडे येणारी बाजू खूप उजळ आणि दूर जाणारी बाजू मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून चित्रपटकर्त्यांनी दोन्ही बाजू सारख्या तेजस्वी ठेवल्या. पुढे एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा जगापुढे आली, तेव्हा तिच्यातल्या कड्याचा एक भाग स्पष्टपणे अधिक उजळ होता.

अशीच एक जाणूनबुजून गाळलेली गोष्ट ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या यानाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी मोठमोठे रेडिएटर लागतात, आणि मूळ आराखड्यांत ते होतेही. पण लोकांना ते पंख वाटतील आणि निर्वात पोकळीत पंख कशाला असा प्रश्न पडेल, म्हणून ते काढून टाकले. नियम ठाऊक असलेल्या माणसाने प्रेक्षकाच्या समजुतीसाठी तो विचारपूर्वक वाकवला, तर त्याला मी अज्ञान म्हणणार नाही आणि त्याचे गुणही कापणार नाही. उलट याच चित्रपटात बोमन हा अंतराळवीर शिरस्त्राणाशिवाय यानात उडी घेताना श्वास रोखून धरतो. प्रत्यक्षात तसे केल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होईल, फुप्फुसांतली हवा आधीच सोडून द्यायला हवी. ही मात्र साधी चूक आहे. तरीसुद्धा तिच्यावाचून कथेचे काहीही अडत नाही, म्हणून मी ती नोंदवून पुढे जाईन.

आपला लाडका ‘द मार्शियन’ या कसोटीवर कुठे बसतो तेही पाहावे. मंगळावरच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथल्या सर्वांत वेगवान वाऱ्याचा धक्काही माणसाला झुळकेसारखा वाटेल. यान उलथवू पाहणारे ते वादळ घडूच शकत नाही, आणि त्या वादळाशिवाय नायक मागे राहत नाही. तरी मी ते माफ करतो, कारण ते सुरुवातीला आहे. कथेला गती देण्यासाठी लेखकाने घेतलेले ते एकरकमी कर्ज आहे आणि पुढचा सगळा चित्रपट ते इमानेइतबारे फेडतो. कथेचा शेवट सोडवण्यासाठी असे कर्ज काढले असते तर मी फार कठोर झालो असतो.

माझी सूचना अशी की चुका मोजू नयेत, चूक कथेच्या कोणत्या जागी बसली आहे ते पाहावे.

रुपेरी

कक्षा यांचे विवेचन मी लक्ष देऊन वाचले आणि त्यातून पुष्कळ शिकायला मिळाले. तरीही माझे मत वेगळे आहे. विज्ञानाच्या अचूकतेला स्वतंत्र रकाना असूच नये. विज्ञानपटाचे काम विज्ञान शिकवण्याचे नाही. एखादी गोष्ट शक्य झाली तर माणसाचे काय होईल, हे अखेरपर्यंत प्रामाणिकपणे पाहणे हे त्याचे काम आहे. गृहीतक कितीही अशक्य असो, त्यातून निघणारे परिणाम दिग्दर्शकाने टाळले तर मी गुण कापते आणि ते सगळे अंगावर घेतले तर गुण देते.

‘गॅटाका’ (१९९७) पाहा. या चित्रपटात दाखवण्यासारखी यंत्रे जवळजवळ नाहीतच. स्वच्छ इमारती आहेत, नीटनेटके कपडे आहेत, आणि असा समाज आहे जिथे माणसाची नोकरी त्याच्या जनुकांवरून ठरते. नायक व्हिन्सेंट हा नैसर्गिक पद्धतीने जन्मलेला, हृदयाचा दोष घेऊन आलेला माणूस आहे आणि दुसऱ्याची ओळख वापरून तो अंतराळमोहिमेच्या संस्थेत शिरला आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच आपण त्याला अंग खसाखसा घासताना पाहतो. नखे, केस, कातडीचा सैल झालेला प्रत्येक कण तो काढून जाळून टाकतो, म्हणजे कामाच्या जागी त्याच्या देहाचा मागमूस राहणार नाही. बोटाच्या टोकावर दुसऱ्याच्या रक्ताची इवलीशी पिशवी चिकटवून वर खोटी त्वचा लावतो, कारण दाराशी रोज बोट टोचून रक्त तपासले जाते. आणि एवढे करूनही पापणीचा एक केस कुठेतरी गळून पडतो. जनुकांवर आधारलेली विषमता म्हणजे काय, हे समजावणारे एकही भाषण त्या पापणीच्या केसाइतके परिणामकारक झाले नसते. ज्या काळी हा चित्रपट आला तेव्हा मानवी जनुकक्रमाच्या वाचनाचे काम अजून चालू होते. २०१८ साली चीनमध्ये जनुकसंपादन केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याची बातमी आली, तेव्हा या चित्रपटाचे नाव जगभर पुन्हा निघाले. त्यातली तपासणीयंत्रे इतक्या झटपट निकाल कशी देतात असे विचारत बसणाऱ्याला त्या चित्रपटातले काहीच मिळणार नाही.

क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (१९६२) हा २८ मिनिटांचा चित्रपट तर आपल्या तक्त्यात तग धरूच शकणार नाही. तो जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर जमिनीखाली राहणाऱ्या एका कैद्याला केवळ त्याच्या आठवणीच्या बळावर भूतकाळात पाठवले जाते, एवढीच त्याची विज्ञानकल्पना आहे, आणि ती कशी चालते याचा खुलासा नाममात्र आहे. पण मध्ये एक क्षण येतो. झोपलेल्या स्त्रीची छायाचित्रे एकामागून एक, एकमेकांत विरघळत जातात, आणि अचानक ती डोळे उघडते. संपूर्ण चित्रपटात खरोखर हललेली तेवढीच एक गोष्ट. काळ थांबलेला असणे आणि काळ वाहू लागणे यांतला फरक कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय आपल्या अंगावर येतो. दृश्यरूपाचे दोन गुण आपण या चित्रपटाला कोणत्या मापाने देणार आहात?

माझी पद्धत सांगते. चित्रपट संपल्यावर मी एका वाक्यात त्याचे गृहीतक लिहिते. मग ते गृहीतक काढून टाकल्यास ही कथा इतरत्र, इतर काळात घडू शकली असती का, हे स्वतःला विचारते. घडू शकली असती, तर अवकाशयाने आणि चमकते पोशाख ही केवळ सजावट आहे, आणि मग तो चित्रपट कितीही देखणा असला तरी विज्ञानपट म्हणून माझ्याकडे त्याला कमी गुण मिळतात.

ध्रुवतारा

दोघांचेही आभार. रुपेरी यांना एक शंका विचारतो. आपल्या कसोटीने ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मागे पडेल हे उघड आहे, कारण राजकन्येची सुटका, म्हातारा गुरू आणि तलवारीचे द्वंद्व हे सगळे कोणत्याही काळात घडू शकते. पण ‘द मेट्रिक्स’चे (१९९९) काय? त्यातली यंत्रे माणसांना ऊर्जेसाठी पाळतात. माणसाचे शरीर विश्रांतीत साधारण १०० वॅट उष्णता देते आणि त्याला जगवण्यासाठी त्याहून अधिक ऊर्जेचे अन्न द्यावे लागते, म्हणजे हा व्यवहार मुळातच तोट्याचा आहे. कक्षा यांच्या कसोटीने हे सुरुवातीचे कर्ज मानून सोडून द्यावे, की कथेचा पायाच पोकळ मानावा?

रुपेरी

‘द मेट्रिक्स’चे गृहीतक ऊर्जेचे नाहीच, असे माझे मत आहे. आपण जगतो ते जग दुसऱ्या कोणी रचलेले असेल तर कळणार कसे आणि कळल्यावर त्यात परत जावेसे वाटेल का, हे त्याचे गृहीतक आहे. त्याचा परिणाम चित्रपटाने टाळलेला नाही. सत्य ठाऊक असूनही खोट्या जगातले सुख मागणारे सायफर हे पात्र त्यात आहे, आणि त्याचा युक्तिवाद कच्चा ठेवलेला नाही. यंत्रांना माणसे कशासाठी हवीत याचे दुसरे कोणतेही कारण दिले असते तरी कथा जशीच्या तशी उभी राहिली असती. ‘स्टार वॉर्स’ला साहसपट म्हणून माझ्याकडे वरचे स्थान आहे, फक्त ते या यादीत नाही.

जुनीरिळे

मूळ प्रश्नातला काळाचा मुद्दा मागे पडला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. गुण देताना वर्ष लक्षात घ्यायलाच हवे, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे आपण कोणती आवृत्ती पाहिली ते नोंदवायला हवे. या प्रकारच्या चित्रपटांबाबत पहिल्या निकालांचा इतिहास फारसा भरवशाचा नाही.

फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) प्रदर्शित झाला तेव्हा खुद्द एच. जी. वेल्स यांनी त्याच्यावर अत्यंत कडवट परीक्षण लिहिले होते. विज्ञानकथेच्या क्षेत्रात त्यांच्याइतका अधिकारी माणूस त्या वेळी सापडणे कठीण होते. यंत्रे वाढली तर श्रम कमी होतील, मग हे हजारो मजूर जमिनीखाली कशासाठी राबतात, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो आक्षेप वजनदार आहे. तरी तो चित्रपट टिकला. घड्याळाच्या काट्यांसारखे दांडे दोन्ही हातांनी ओढत, घामाघूम होऊन यंत्राशी झटणारा मजूर ज्याने एकदा पाहिला त्याला यंत्रयुगाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. शिवाय वेल्स यांच्या नंतरच्या अनेक पिढ्यांनी पाहिलेला ‘मेट्रोपोलिस’ हा मूळ चित्रपट नव्हताच. प्रदर्शनानंतर लवकरच त्याची मोठी काटछाट झाली आणि गाळलेला भाग नष्ट झाला असे मानले जात होते. २००८ साली ब्वेनोस आइरेसमधल्या चित्रपट-संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये पुनर्रचित आवृत्ती लोकांपुढे आली. मधल्या ऐंशी वर्षांत ज्यांनी त्याच्या पटकथेला विस्कळीत म्हणून कमी गुण दिले, त्यांनी संकलकाच्या कात्रीला गुण दिले होते, मूळ पटकथेला नव्हे.

‘ब्लेड रनर’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. २५ जून १९८२ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि त्याच दिवशी जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ही झाला. दोन्ही चित्रपटांना समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी थंडपणे वागवले. त्याच महिन्यात आलेल्या ‘ई.टी.’ने लोकांची मने जिंकलेली होती, आणि परग्रहावरच्या प्रेमळ पाहुण्याच्या त्या उन्हाळ्यात पावसात भिजलेले निराश शहर किंवा माणसाचे रूप घेणारा भयानक जीव कोणालाच नको होता. आज या दोन्ही चित्रपटांचे स्थान काय आहे ते मी सांगायला नको. मात्र १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’मध्ये नायकाचे निवेदन होते आणि शेवटी हिरव्या डोंगरांतून जाणाऱ्या गाडीचा सुखांत होता. त्या डोंगरांचे चित्रण ‘२००१’चे दिग्दर्शक क्युब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी घेतलेल्या आणि न वापरलेल्या भागातून आले होते. १९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट दोन्ही गेले, एकशिंगी घोड्याचे स्वप्न आले, आणि त्या काही सेकंदांमुळे नायक स्वतः माणूस आहे की कृत्रिम, हा प्रश्न चित्रपटाच्या केंद्रस्थानी आला. २००७ साली दिग्दर्शकाने आणखी एकदा हात फिरवला. आता सांगा, ‘ब्लेड रनर’ला दहापैकी किती, या प्रश्नाला काय अर्थ उरतो? कोणत्या ‘ब्लेड रनर’ला, हे आधी विचारावे लागते.

दृश्यरूपाविषयी माझे मत स्पष्ट आहे. साधने जुनी झाली म्हणून दृश्य जुने होत नाही. ‘२००१’मधल्या फिरत्या दालनासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे खरेखुरे चक्र बांधले होते आणि नट त्यात धावत असताना ते चक्र फिरत असे. म्हणूनच त्या दृश्यात पाऊल टाकताना शरीराचा जो तोल दिसतो तो खोटा वाटत नाही. त्यानंतर आलेले कितीतरी संगणकीय चित्रण आज डोळ्यांना खुपते. ‘एक्स माकिना’ या चित्रपटाला २०१६ च्या समारंभात दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा कितीतरी पट खर्चाचे ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नवा चित्रपट आणि ‘द मार्शियन’ हे स्पर्धक होते. तिथे पारदर्शक देहाची ती यंत्रस्त्री प्रत्येक दृश्यात एकच प्रश्न विचारत असते, की हिला आपण माणूस का समजू लागलो आहोत. दृश्यपरिणाम कथेचे काम करतो की नाही, एवढेच गुण देताना पाहावे. तो कोणत्या सालच्या यंत्रावर बनला, हे पाहण्याचे कारण नाही.

कक्षा

रुपेरी यांच्या पद्धतीविषयी एक आक्षेप नोंदवतो. परिणाम प्रामाणिकपणे पाहायचे, तर गृहीतक नेमके काय आहे हे माहीत असावे लागते, आणि तिथे विज्ञान टाळता येत नाही. ‘इंटरस्टेलर’मध्ये कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. हा आकडा लहरीने ठरवलेला नाही. काळ इतका मंदावायचा तर कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने स्वतःभोवती फिरले पाहिजे, हे थॉर्न यांनी गणिताने दाखवून दिले. त्या कठोर नियमामुळेच नायक यानात परतून तेवीस वर्षांचे साठलेले संदेश पाहायला बसतो तेव्हा ते दृश्य असह्य होते. मुलगा शाळकरी पोरापासून बाप होतो, वडिलांना आपले मूल दाखवतो, पुढे ते मूल दगावल्याचे सांगतो, आणि पाहणारा माणूस मात्र काही तासच बाहेर होता. त्याला कोणी शिक्षा केलेली नाही, कोणी फसवलेले नाही. निसर्गाचा नियम तसा आहे, एवढेच. हा नियम खोटा असता तर ते रडणे मला इतके लागले नसते.

आणि याच कारणासाठी त्या चित्रपटाचा शेवट मला खटकतो. कृष्णविवरात शिरल्यावर नायकाला मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागे उभे केले जाते आणि प्रेमच त्याला योग्य क्षणाकडे नेते. कृष्णविवराच्या आत काय असते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे याला चूक म्हणता येत नाही. पण ज्या चित्रपटाने तोवर आपल्याला नियम कठोर आहेत असे पटवले, त्याने ऐन वेळी नियम मवाळ केला. मी इथे गुण कापतो.

रुपेरी

संदेशांच्या दृश्याविषयी आपण लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. शेवटाविषयी मात्र मी ‘अरायव्हल’ (२०१६) शेजारी ठेवून पाहीन. परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता भाषाशास्त्रज्ञ नायिकेला काळ एकाच वेळी सगळीकडे दिसू लागतो. भाषा विचारांना घडवते हे गृहीतक इतके ताणणे कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला मान्य होणार नाही. पण मुलगी लहान वयात जाणार हे ठाऊक असताना तिला जन्म द्यायचा का, हा त्यातून निघणारा परिणाम चित्रपट टाळत नाही, आणि तो निर्णय नवऱ्याला न सांगता घेतल्याचा दोषही नायिकेच्या माथी येऊ देतो. ‘इंटरस्टेलर’चा शेवट दुःखाची भरपाई करतो. ‘अरायव्हल’ भरपाई करत नाही. मी गुण इथे देते, आणि विज्ञान दोन्हीकडे सारखेच काल्पनिक आहे.

ध्रुवतारा

या चर्चेनंतर मी तक्त्यातून विज्ञानाचा वेगळा रकाना काढायचे ठरवले आहे. त्याऐवजी प्रत्येकाने आधी गृहीतक एका वाक्यात लिहावे, त्याचे परिणाम चित्रपटाने कुठवर नेले याला पाच गुण द्यावेत, आणि नियम जिथे मोडला गेला ती जागा कथेच्या सुरुवातीला आहे की उकल करताना आहे याची नोंद करावी. उकल करताना मोडला असेल तर त्याच पाचांतून गुण कापावेत. उरलेले पाच गुण दृश्य, ध्वनी, अभिनय आणि रचना यांना मिळून राहतील, आणि पाहिलेल्या आवृत्तीचे वर्ष आकड्याशेजारी लिहिले जाईल. या पद्धतीने पहिल्यांदा ‘प्रायमर’ (२००४) पाहायचा विचार आहे. ज्या चित्रपटाचे गृहीतक पहिल्या वेळी पाहून लिहिताच येत नाही, त्याला गुण कसे द्यावेत हेही कोणी सुचवावे.

जुनीरिळे

‘प्रायमर’ सुमारे सात हजार डॉलरांत बनलेला, अवघ्या ७७ मिनिटांचा चित्रपट आहे. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका हे सगळे शेन कॅरुथ या एकाच माणसाने सांभाळले. त्यातली पात्रे आपापसांत बोलतात ती प्रेक्षकाला समजावण्यासाठी बोलतच नाहीत, दोन अभियंते गॅरेजमध्ये बोलतील तशी बोलतात, त्यामुळे पहिल्या वेळी घटनांची संगती लागत नाही. पण एक गोष्ट पहिल्या वेळीही स्वच्छ कळते, ती म्हणजे कालयंत्र हाती आल्यावर या दोन मित्रांचा एकमेकांवरचा विश्वास कसा विरत जातो. पहिल्या दिवशी तेवढ्याचेच गुण द्यावेत आणि उरलेले मोकळे ठेवून चित्रपट पुन्हा पाहावा. दुसऱ्या वेळी घटनाक्रम कागदावर मांडत पाहिला, तर त्यातल्या कोणत्या माणसाने कोणता प्रसंग किती वेळा जगून घेतला आहे हे हळूहळू उलगडते, आणि मग गृहीतकाचे वाक्यही लिहिता येते.